गती ज्याची त्याची, माप सर्वांचे एक
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षांची वाटचाल पुरी करणाऱ्या या वास्तूत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने ग्रंथमहिमा गावा, अशी आपल्याकडची रीत. ती थोडी बाजूला ठेवून मी आज शाळेतील काही मुलांविषयी बोलणार आहे. विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु तो ग्रंथालयाच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

ग्रंथालयाचे एक वैशिष्ट्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते आपल्याला जाणवतही नाही. एखाद्या सभासदाने एखादी कादंबरी दोन दिवसांत संपवली आणि दुसऱ्याने तीच दोन महिने घरी ठेवली, तर ग्रंथपाल फार तर दंडाची पावती फाडतो; ‘तू नापास’ असे म्हणत नाही. कोणी चरित्राकडून कादंबरीकडे येतो, कोणी मासिकाच्या चित्रांवरून पुस्तकाकडे वळतो. 1931 मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याच्या योग्यतेचे पुस्तक मिळवून देण्याची जबाबदारी त्यांनी ग्रंथालयावर टाकली; पुस्तकाच्या योग्यतेचा वाचक शोधून बाकीच्यांना परत पाठवावे, असे त्यांनी सुचवले नाही. शाळेत मात्र नेमके हेच घडते. पुस्तक ठरलेले, तासिका ठरलेली, परीक्षेची तारीख ठरलेली. त्यात जो बसेल तो हुशार आणि जो बसणार नाही तो ‘ढ’.

या ‘ढ’ ठरलेल्यांत काही मुले अशी असतात, की ज्यांच्या बुद्धीत उणेपणा नसतो, मेंदूची घडण मात्र निराळी असते. कोणाला अक्षरओळख जड जाते, त्याला वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. कोणाचा हात लिहिताना अडतो, ती लेखनबाधा. कोणाला अंकांचा अर्थ लागत नाही. कोणाचे चित्त एका जागी ठरत नाही. कोणी स्वमग्न असतो. त्याला वर्गातला गोंगाट सोसत नाही, पण एखाद्या विषयात तो तासन्‌तास रमतो. या सर्वांसाठी अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ असा एक शब्द रूढ झाला आहे. त्यामागची भूमिका सोपी आहे: माणसांचे चेहरे जसे निरनिराळे, तशी मेंदूंची कामाची रीतही निरनिराळी.

ही मुले काही आजची नाहीत. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, आकडेमोडीत ठीक. पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत. शिक्षण सारे तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत डॉक्टरांनी नोंदवले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी प्रश्न त्याच जागी उभा आहे. मुलाच्या अंगी जे आहे ते आपण मोजतो, की आपल्या परीक्षेला जे मोजता येते तेवढेच मोजतो?

आता आपल्या निपाणीकडे वळू. या सीमाभागात मराठी शाळेत जाणाऱ्या मुलावर लिप्यांचा जो भार पडतो, त्याची कल्पना पुण्या-मुंबईच्या पालकांना येणार नाही. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या त्याला कोवळ्या वयात हाताळाव्या लागतात. देवनागरीत ‘कि’ म्हणताना ‘क’चा ध्वनी आधी येतो, डोळ्याला मात्र वेलांटी आधी दिसते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत एका गाठीचा नाही तर शेंडीचा फरक. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी, बहुधा निराळ्याच रूपात बसते. इंग्रजीत तर एकच अक्षर चार ठिकाणी चार ध्वनी काढते. बहुतेक मुले हे सारे सहज पचवतात आणि त्यांचे बहुभाषिकत्व हे आपल्या भागाचे वैभवच आहे. परंतु ज्याला एका लिपीशीच झुंजावे लागते, त्याच्यासमोर तीन आघाड्या उघडतात. मग तो मराठीत मागे पडला तर ‘घरचे वातावरण नाही’, कन्नडमध्ये मागे पडला तर ‘परकी भाषा’ आणि इंग्रजीत मागे पडला तर ‘खेड्यातला’, असे म्हणून आपण प्रत्येक वेळी निराळे कारण देतो. मूळ अडचण एकच आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती ध्यानात येण्याची साधने आज उपलब्ध आहेत, आणि त्यांचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, ती कोणत्या मुलांना अधिक साहाय्य हवे हे ओळखण्यासाठी. त्या कसोटीचे कन्नड आणि मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘बिने-कामत’ हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे. पुढे 2015 मध्ये मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच प्रसिद्ध केला. पहिली ते पाचवीच्या मुलांतील वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी तयार झालेला हा संच आरंभी ज्या भाषांत निघाला, त्यांत हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी व कन्नड या दोन्ही होत्या. त्यात शिक्षकांनी वापरण्याच्या प्राथमिक चाचण्या वेगळ्या आणि तज्ज्ञांनी वापरण्याच्या वेगळ्या आहेत. निपाणीच्या मुलाला त्याच्या दोन्ही भाषांत तपासता येईल, असे साधन तयार आहे. ते वर्गापर्यंत पोहोचवण्याचे काम उरले आहे.

परंतु मुलाला नुसते नाव चिकटवून भागत नाही. नाव कळल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न. त्याची दोन उत्तरे मी आज आपणापुढे मांडतो. पहिले, शिकण्याची गती ज्याची त्याला ठरवू देणे. आणि दुसरे, गुण देताना माप खरे ठेवणे.

स्वगतीचे शिक्षण म्हटले की आपल्याला वाटते, हे परदेशी खूळ आहे. वस्तुतः ही वाट आपल्याकडे फार दिवसांची आहे. मारिया माँटेसरी यांनी आरंभी काम केले ते मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर. त्यांच्यासाठी घडवलेली साधने आणि रीत 1907 मध्ये रोममधील गरीब वस्तीतल्या बालगृहात त्यांनी सर्वसाधारण मुलांना दिली आणि ती तेथेही फळली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार या मातीत रुजवला. ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षण खेड्यात आणि आदिवासी पाड्यांत नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणात नेली. जो आज मागे आहे त्याच्यासाठी काढलेली वाट पुढे सर्वांच्याच उपयोगी पडते, हे या इतिहासातून दिसते.

आणि आपल्याच राज्यातील उदाहरण घ्यायचे तर ‘नली-कली’चे घ्यावे. ‘आनंदाने शिक’ असा या कन्नड शब्दांचा भावार्थ. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचे काम पाहून आलेल्या म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्याच्या शिक्षकांनी 1995 मध्ये युनिसेफच्या साहाय्याने हा प्रयोग सुरू केला आणि 2009-10 पासून तो राज्यातील सरकारी कन्नड प्राथमिक शाळांत पसरला. त्यात पाठ्यपुस्तकाच्या जागी कार्डे असतात आणि भिंतीवर शिकण्याची एक शिडी असते. प्रत्येक कार्डावर एखादे चिन्ह असते. शिडीवर आपले चिन्ह पाहायचे, ते कार्ड उचलायचे आणि कामाला लागायचे. एकाच वर्गात काही मुले शिक्षकांजवळ, काही सोबत्यांबरोबर, तर काही एकटी शिकत असतात. एक पायरी नीट आली की पुढची. पंधरा दिवस गैरहजर राहिलेले मूल परत आले, तर जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाते. वर्ग पुढे निघून गेला म्हणून ते कायमचे मागे राहत नाही. आजारी पडणाऱ्या, आईबापांबरोबर उसाच्या तोडीला जाणाऱ्या आणि मंदगतीने शिकणाऱ्या, अशा तिघांनाही या शिडीचा आधार होतो. कार्डांची जुळवाजुळव आणि नोंदी ठेवण्याचे ओझे शिक्षकावर वाढते, हे खरे. मोठ्या वर्गात हे काम अवघड होते, हेही खरे. तथापि स्वतःच्या गतीने शिकणे साध्या सरकारी शाळेतही शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

मोठ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती स्थापन झाली. तेथे एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते; विद्यार्थी एकेक दोनदोन विषय घेऊन परीक्षा देऊ शकतो आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमेस राहतात. सहा विषयांचा डोंगर एकाच मार्च महिन्यात चढण्याची सक्ती तेथे नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. स्वगती म्हणजे मुलाला त्याच्या नशिबावर सोडणे नव्हे. ‘त्याच्या गतीने शिकू दे’ असे म्हणून शेवटच्या बाकावर बसवून ठेवणे, ही उदारतेच्या नावाखाली केलेली उपेक्षा होय. गती मुलाची असली, तरी पुढची पायरी दाखवण्याचे काम शिक्षकाचेच असते.

आता गुणांकडे येतो. कारण खरा वाद तेथे आहे. ‘एकाला तीन तास आणि दुसऱ्याला चार, हा न्याय कसा?’ असा प्रश्न अनेक पालक विचारतात, आणि तो प्रामाणिकपणे विचारतात. त्याचे उत्तर मी आपल्या बाजारपेठेच्या भाषेत देतो. पूर्वी तेल किंवा काकवी घ्यायला गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन दुकानात जाई. दुकानदार आधी रिकामे भांडे एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात तेवढाच भार टाकून धडा करी. मग माल मोजी. कोणाचे भांडे पितळेचे, कोणाचे मातीचे; जितके भांडे जड, तितका धडा मोठा. त्याला कोणी सवलत म्हटले नाही. धडा केल्याशिवाय मोजणे, हीच लबाडी मानली जाई. कारण विकायचे होते तेल, भांडे नव्हे. परीक्षेतही असेच आहे. इतिहासाच्या पेपरात आपल्याला इतिहासाचे ज्ञान मोजायचे असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, अडखळणारा हात, प्रश्न वाचायला लागणारा दुप्पट वेळ, हे सारे भांड्याचे वजन. ते वेगळे काढले की उरते ते ज्ञान, आणि त्याचे माप सर्वांना एकच. म्हणूनच मी दयेच्या गुणांच्या तितकाच विरुद्ध आहे. ‘बिचारा आहे, पस्तीस देऊन टाका’ असे म्हणणे म्हणजे न मोजताच भांडे भरल्याचे सांगणे. त्यात मुलाचा अपमान आहे आणि पुढे त्याची फसगतही.

शुद्धलेखनाच्या पेपरात मात्र शुद्धलेखनच मोजायचे असते, हेही ध्यानात ठेवावे. कोणत्या पेपरात काय मोजायचे, हे शिक्षकाने प्रश्नपत्रिका काढण्याआधी स्वतःशी ठरवले, तर निम्मा वाद मिटेल.

कायदाही आज या बाजूने उभा आहे. 1995 च्या अपंग कल्याणविषयक कायद्यात सातच प्रकार होते. त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती, स्वमग्नताही नव्हती. महाराष्ट्राने 1996 मध्येच अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला होता. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला, देशभरासाठी 21 प्रकार मान्य केले आणि त्यांत या दोहोंचा समावेश झाला. अवधानाची अडचण असलेल्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही, ही उणीव नोंदवली पाहिजे. या कायद्याच्या 17 व्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकली असून, जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत भरपाईचा वेळ ताशी किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास, असा ठरवण्यात आला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रकरणे आली. फेब्रुवारीत न्यायालयाने लेखनबाधा असलेल्या एका उमेदवाराला, ठरावीक टक्केवारी भरत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. नोव्हेंबरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा जादा तास न मिळालेल्या एका विद्यार्थिनीची बाजू न्यायालयाने उचलून धरली. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांची आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतील सुटीचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे, हे मी जाणतो. भाषेच्या प्रश्नावर या भागाने काय सोसले आहे, ते या सभागृहाला सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हा विषय त्या वादापासून निराळा ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेतून मिळालेली सूट म्हणजे भाषेतून हद्दपारी नव्हे. आपल्या गल्लीत खेळणारे मूल कन्नड बोलते, मराठी बोलते आणि दोन्हींत भांडतेही! बोलण्याचे ते ज्ञान त्याच्यापाशी राहतेच. फक्त त्या लिपीतील पेपराने त्याचे वर्ष अडू नये, एवढाच सुटीचा हेतू. पुढील नोकरीत त्या भाषेचा लेखी पेपर लागेल काय, याचा विचार आईवडिलांनी आणि मुलाने मिळून करावा. सूट हा हक्क आहे, सक्ती नव्हे.

सीमेवर राहण्याची आणखी एक अडचण आहे. ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते आणि हजारी मजुरीवर चूल पेटते, तेथे मुलाच्या प्रमाणपत्रासाठी दवाखान्याची एक खेप म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. कोल्हापूर येथून सुमारे चाळीस किलोमीटर. पण रहिवासी कर्नाटकाचा असल्याने प्रमाणपत्रासाठी सामान्यतः सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवरच्या बेळगावास जावे लागते. पुढे तोच मुलगा दहावी होऊन देवचंद महाविद्यालयात गेला, की निपाणीच्या वेशीला लागून असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या परीक्षापद्धतीत जातो. चालत जाण्याच्या अंतरात राज्य बदलते, फॉर्म बदलतो, कचेरी बदलते. अशा वेळी ‘तुमचा दाखला तिकडचा’ असे उत्तर कोणी दिले, तर पालकांनी नमते घेऊ नये. 2016 च्या कायद्याच्या 58 व्या कलमानुसार हे प्रमाणपत्र संपूर्ण देशात ग्राह्य आहे. सीमाभागातील प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मेजावर हे कलम दोन्ही भाषांत लावलेले असावे, असे मला वाटते.

आता शेवटचा मुद्दा: ग्रंथालयाने यात काय करावे? मी तीन सूचना करतो.

पहिली, वाचून दाखवण्याची. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, सुरेल आवाजाच्या गृहिणी आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी शालेय पुस्तकांतील धडे सावकाश, स्पष्ट वाचावेत आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. ज्या मुलाला डोळ्याने वाचणे जड जाते, त्याने कानाने वाचावे. तेही वाचनच आहे. दुसरी सूचना लेखनिकांची. ऐन परीक्षेच्या तोंडावर लेखनिक शोधत फिरण्याची वेळ पालकांवर येते. ग्रंथालयाने नियमांत बसणाऱ्या इच्छुक विद्यार्थ्यांची सूची ठेवावी. ऐकले तेच लिहावे, आपल्या पदरचे काही घालू नये आणि काही गाळूही नये, याचा सराव त्यांच्याकडून आधी करून घ्यावा. प्रामाणिक लेखनिक मिळाला, तर जादा वेळेवर संशय घेणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतील. तिसरी सूचना साधी आहे. एक लहान खोली किंवा निदान एक कोपरा असा असावा, की जेथे पंख्याची खडखड नाही आणि गर्दी नाही, जेथे मोठ्या टाइपातील पुस्तके आणि पालकांना उपयोगी पडणारी नियमांची पत्रके मराठीत व कन्नडमध्ये मिळतील. यांपैकी कशालाच इमारत निधी लागत नाही; थोडा वेळ आणि थोडी शिस्त लागेल.

निपाणीला हे अवघड वाटू नये. पिठाची गिरणी चालवता चालवता मराठी कथा-कादंबरीला गॅरेज, टॅक्सी आणि तंबाखूच्या वखारीतील माणसे देणारे महादेव मोरे याच गावचे. 2024 मध्ये ते आपल्यातून गेले. माणसाची योग्यता नेहमीच गुणपत्रिकेच्या रकान्यांत मावते असे नाही, हे या गावाने जवळून पाहिले आहे.

आश्रयदात्यांना एवढीच विनंती करतो, की शताब्दीच्या निमित्ताने जमलेल्या निधीतील एक लहानसा वाटा या कामासाठी वेगळा काढावा आणि येत्या जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास, पहिले पान वाचून दाखवायला आरंभ व्हावा. दुसऱ्या शतकातील पहिला नवा वाचक असा मुलगा असेल, की ज्याला आजवर पुस्तकाची भीती वाटत होती, तर या संस्थेच्या संस्थापकांना त्याहून मोठी आदरांजली ती कोणती?